सुतारशाळेचं शून्य

मला शून्य मिळालं. अर्धा नाही, पाव नाही, चक्क शून्य. बोरवटच्या तुरुंगात बावीस वर्षं मी कैद्यांना सुतारकाम शिकवतोय आणि त्याचा उपयोग किती, तर शंभरपैकी शून्य. हे कुणा माणसानं तोंडावर सांगितलं असतं तर त्याच्या डोक्यात रंधा घातला असता. पण सांगितलं यंत्रानं, तेही अधीक्षकांच्या सभागृहात, भिंतीएवढ्या पडद्यावर, चहा-बिस्किटं वाटून झाल्यावर.

माझ्या वरच्या ओळीत लिहिलं होतं : 'सामना' उपक्रम, संचालिका डॉ. मृण्मयी राजोपाध्ये, गुण एक्क्याऐंशी.

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. न वाजवून करतो काय?

त्या यंत्राचं नाव पडछाया. ते करतं काय, ते सांगतो, कारण मला स्वतःला समजायला दोन वर्षं लागली. सरकार कैद्यांसाठी पाच-पंचवीस उपक्रम चालवतं. कुठे योगासनं, कुठे सुतारकाम, कुठे समुपदेशन. आता एखादा सुटला आणि सुधारला, तर तो उपक्रमामुळे सुधारला, की वयामुळे, की बायकोच्या धाकामुळे? की मुळात सुधारणारच होता? पूर्वी हा प्रश्न कुणी विचारत नव्हतं. आम्ही फोटो काढायचो, अहवाल पाठवायचो, झालं. नव्या खताची परीक्षा घ्यायची तर एका वाफ्याला खत घालतात, शेजारच्या वाफ्याला घालत नाहीत आणि मग दोन्हीकडचं पीक बघतात. पण माणसाचा शेजारचा वाफा आणायचा कुठून? एकच माणूस एकाच वेळी शिकलेला आणि न शिकलेला कसा असेल?

पडछाया तो दुसरा माणूस बनवते. देशभरातल्या तुरुंगांच्या चाळीस वर्षांच्या नोंदी तिच्या पोटात आहेत. वय, गुन्हा, गाव, शिक्षण, घरची माणसं, सगळं जुळणारे, पण त्या उपक्रमात नसलेले हजारो लोक ती शोधते आणि त्यांच्या आयुष्यांवरून एक माणूस रचते. तो पडद्यावर रोजच्या रोज जगतो. खरा माणूस सुटला की त्याच दिवशी त्याची पडछायाही सुटते. मग दोघांच्या आयुष्यात जेवढा फरक पडेल, तेवढं उपक्रमाचं श्रेय. ज्याला श्रेय नाही, तो उपक्रम एकतीस मार्चला बंद.

उदाहरण म्हणून त्या दिवशी कुणाला घेतलं असेल? आमच्या श्रीरंगला! श्रीरंग बाबर. घरफोडीत सात वर्षांची शिक्षा घेऊन आला तेव्हा पटाशी उलटी धरत होता. तीन वर्षांपूर्वी सुटला आणि आता बोरवट नाक्यावर दारं-खिडक्यांचं दुकान चालवतो. दारं फोडणारा माणूस दारं बनवतो. हे कुणी शिकवलं? मी.

पडद्यावर आधी त्याच्या आयुष्यातून 'सामना' काढून टाकला. ती पडछाया आठ महिन्यांत पुन्हा पोलिसांच्या गाडीत बसली. सभागृहात पुन्हा टाळ्या! खरा माणूस नाक्यावर चौकटी ठोकतोय आणि इथं त्याच्या सावलीला बेड्या पडल्या म्हणून आनंद. मग सुतारशाळा काढून टाकली. ही पडछाया कुठल्याशा गोदामात पोती उचलायला लागली, पण तुरुंगात काही गेली नाही. म्हणजे सुतारशाळा असली काय, नसली काय, सारखंच.

दारं बनवतो आणि श्रेय कुणाला, तर चष्म्याला!

हो, चष्माच. 'सामना' म्हणजे दुसरं काय? कैद्याच्या डोळ्यांवर एक चष्मा चढवायचा आणि ज्याचं त्यानं नुकसान केलं, त्या माणसाचा एक दिवस त्याला जगायला लावायचा. ज्या घरात चोरी केली, त्या घरात, त्या बाईच्या डोळ्यांनी, उघड्या कपाटासमोर उभं करायचं. लोक रडतात, खोटं कशाला बोलू. पण रडायला काय लागतं? करवत तिरकी न जाऊ देता दोन हात लांब फळी कापून दाखवा म्हणावं.

घरी येऊन हे सगळं शैलाला, म्हणजे आमच्या मंडळींना, सांगितलं. तिनं भाजी निवडत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, सवत आल्यासारखं काय बोलताय?"

"सवतच आहे ती! बावीस वर्षं मी घासली. ही आली परवा, पिशवीत चष्मा घेऊन, आणि माझा पोरगा घेऊन गेली."

"पोरगा कुठे गेलाय? नाक्यावरच तर आहे. भेटायला जा."

मी गेलो नाही. मला गरज? त्यानं यावं.

तो आला, त्याच आठवड्यात. खिडकीतून मला दिसला, हातात पत्रिकांचा गठ्ठा. मी आतल्या खोलीत गेलो आणि शैलाला म्हटलं, सांग घरी नाहीत म्हणून. सत्तावन्न वर्षांचा बाप्या, कपाटाआड उभा. तो बाहेर चहा प्याला, शैलाच्या पाया पडला, मास्तर आले की सांगा म्हणाला आणि गेला.

पत्रिका दुकानाच्या दुसऱ्या शाखेच्या उद्‌घाटनाची होती. रविवारी सकाळी दहाला. वर गणपती, खाली ठळक अक्षरांत : प्रमुख पाहुण्या, डॉ. मृण्मयी राजोपाध्ये. बस! मी पत्रिका मिटली आणि कपाटावर भिरकावली.

"अहो, पुढे तरी वाचा."

"वाचायचं राहिलंय काय आता?"

शैलानं माझ्याकडे एकदा बघितलं. "मग बसा जळत," म्हणाली आणि कुकर लावायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुतारशाळेत आली. श्रीरंगची प्रमुख पाहुणी. हातात खोलीची मापं घ्यायचं ते लाल दिव्याचं यंत्र. कैदी अजून यायचे होते. मी रंध्याची पाती घासत बसलो होतो, उठलो नाही.

"खोली मोजायला आलात वाटतं?"

"हो," ती म्हणाली. निदान खोटं तरी बोलली नाही. "एक एप्रिलपासून इथं माझ्या खुर्च्या लागणार आहेत. पण मास्तर, त्याआधी एक विचारायचंय. तुमचं शून्य मला खरं वाटत नाही."

"माझ्या जखमेवर मीठ चोळायला सकाळी सकाळी आलात?"

"तुमचं मस्टर बघितलं मी. बावीस वर्षांत तुमच्या वर्गात एकही माणूस एकही दिवस गैरहजर नाही. असं शाळेत होत नाही, लग्नाच्या पंगतीत होत नाही."

"शिस्त आहे माझी."

"चौदा जूनला श्रीरंग दहा ते एक माझ्यासमोर बसला होता, डोळ्यांवर चष्मा लावून. तुमच्या मस्टरवर त्याच दिवशी दहा ते एक हजर. असा सोळा महिने, आठवड्यातून तीन दिवस. एक माणूस दोन ठिकाणी कसा, मास्तर?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी दार लोटलं आणि सांगितलं.

तुरुंगात हजेरी म्हणजे नुसती हजेरी नसते. महिनाभर कामावर पूर्ण हजेरी असली की शिक्षेतले चार दिवस कमी होतात. त्याला माफी म्हणतात. एक खाडा पडला की त्या महिन्याचे चारही दिवस गेले. मग कुणाला ताप असतो, कुणाची बायको भेटायला आलेली असते, कुणाचा बाप गेल्याचा निरोप आलेला असतो आणि तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. अशा माणसाच्या नावापुढे गैरहजर लिहायचं? माझा हात धजला नाही. माझ्या आधीच्या मास्तरांनी मला चार्ज देताना एकच गोष्ट सांगितली होती : लाकडाचं माप काटेकोर ठेव, माणसाच्या दिवसांचं ठेवू नकोस. त्यांच्या आधीचेही तेच करत होते. मस्टरवर सगळे हजर, ही आमच्या शाळेची रीतच. कुणाला ते पाप वाटलं नाही.

"आणि श्रीरंग?" तिनं विचारलं.

"तुमच्या चष्म्याला माफी नव्हती. नवा उपक्रम, नियमात बसत नव्हता. तुमच्याकडे यायचं तर माझ्याकडचा खाडा आणि खाडा पडला की दिवस गेले. मग मी लावत होतो त्याची हजेरी. दात खात लावत होतो, पण लावत होतो."

ती फळ्यांच्या ढिगावर मटकन बसली. चांगला सुती ड्रेस, सगळा भुसा लागला. "म्हणजे तुम्ही हजेरी लावली नसती तर माझ्याकडे कुणी आलंच नसतं."

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. देवाशपथ सांगतो, तोवर आलं नव्हतं. सवतीला घरात मीच घेतलं होतं की!

"आता कळलं शून्य कुठून आलं," ती म्हणाली. "पडछायेनं तुमच्या मस्टरवर विश्वास ठेवला. ज्यांनी कधी पटाशीला हात लावला नाही, तेही तिच्या लेखी तुमचे विद्यार्थी. ते पुन्हा गुन्हा करून आत आले की दोष सुतारशाळेचा. तुम्ही चांगल्या दुधात बावीस वर्षं पाणी ओतत गेलात, मास्तर. शेवटी यंत्र म्हणालं, हे पाणीच आहे."

मग तिची नजर भिंतीवर गेली. तिथं आमचा अवजारांचा फळा आहे. प्रत्येक पटाशी, प्रत्येक करवत, तिचा आकार पांढऱ्या रंगात काढलेला. ज्यानं अवजार घेतलं, त्यानं त्या जागी आपला पितळी बिल्ला टांगायचा आणि वहीत अंगठा उठवायचा. परत देतानाही तसंच. तुरुंगातली एक पटाशी हरवली म्हणजे कुणाच्या तरी पोटात गेली, असं धरून चालायचं असतं. मस्टरमध्ये मी दया करत आलो, पण अवजारांच्या वहीत कधीच नाही.

"ह्या वह्या किती वर्षांच्या आहेत?"

"पहिल्या दिवसापासूनच्या."

तिनं माझ्याकडे बघितलं. मीही तिच्याकडे बघितलं. कोण खरंच आलं आणि कोण नुसतं मस्टरवर आलं, ते सगळं त्या कपाटात होतं, अंगठ्यांसकट.

तिनं एका वर्षाची वही घेतली. नावं झाकली, नुसते क्रमांक आणि दिवस हातातल्या काचेच्या पाटीवरून पडछायेत भरले. दुपारपर्यंत माझ्याच टेबलावर बसून होती, शैलाच्या डब्यातली अर्धी भाकरी खाल्ली तिनं. मग तिच्या पाटीवर आकडे आले. सुतारशाळा : सदुसष्ट. सामना : बावीस.

"माझ्या एक्क्याऐंशीतले बरेचसे तुमचे निघाले," ती म्हणाली.

मला इतका आनंद झाला की लाज वाटावी. पोराबाळांच्या बारशालाही एवढा झाला नव्हता. सदुसष्ट! आणि तिला बावीस! ते बावीस मला सदुसष्टापेक्षा गोड लागले, हेही सांगून टाकतो. तिला चहासुद्धा विचारला नाही, तडक वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून अधीक्षकांकडे निघालो.

अधीक्षक इनामदार साहेब शांत माणूस. सगळं ऐकून घेतलं, दोन-चार पानं उलटली आणि खुर्ची मागे सरकवली.

"पांचाळ मास्तर, फेरतपासणीला नावं झाकून चालत नाही. वह्या जशाच्या तशा द्याव्या लागतील. त्या मस्टरशी ताडल्या जातील. जिथं फरक, तिथं माफी खोटी. खोटी माफी परत घेतात, नियम आहे. माणूस बाहेर असला तरी आणून उरलेले दिवस भोगायला लावतात. चारशेच्या वर माणसं असतील. तुमची चौकशी होईल ती वेगळीच." मग जरा थांबून म्हणाले, "मी अजून काही बघितलेलं नाही. सोमवारपर्यंत ठरवा."

मी परत शाळेत येऊन बसलो. सोळा महिने, महिन्याला चार. श्रीरंगचे चौसष्ट दिवस. रविवारी त्याचं उद्‌घाटन आणि सोमवारी मी वह्या दिल्या की चौकशीचा कागद त्याच्या दारात. त्यानंच बनवलेल्या दारात.

आणि माझ्या मनात काय आलं सांगू? चौसष्टच तर दिवस आहेत. दोन महिने. येईल बाहेर, लावेल पुन्हा चौकटी. बावीस वर्षांची शाळा वाचते, माझं नाव राहतं. त्याच्या प्रमुख पाहुण्या आहेतच की दुकान सांभाळायला! असा सगळा विचार मी केला. रागात नाही, अगदी शांतपणे, बोटांवर मोजत.

मग त्याच्या नोंदी कुठे आहेत ते बघायला वही उघडली. अवजारांच्या वहीत शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. त्याच्या पहिल्या दिवशी माझ्याच अक्षरात होतं : पाव इंची पटाशी, परत, धार मोडली, गाढव. पुढच्या पानावर पुन्हा : धार मोडली. मग कितीतरी पानं शेरा नाही. मग आठवड्यातून तीन दिवस त्याचा अंगठाच नाही, ते त्या चष्म्याचे दिवस. पण बाकीच्या तीन दिवशी तो येत होता, एकही चुकवला नव्हता. आणि सुटायच्या आदल्या दिवशीची शेवटची नोंद : पाव इंची पटाशी, परत, धार लावून.

त्या दिवशी त्याला धार लावायला कुणी सांगितलं नव्हतं. उद्यापासून ती पटाशी दुसऱ्याच्या हातात जाणार होती.

मी खूप शिव्या घातल्या. त्याला, तिला, यंत्राला आणि मला. मग उठून कार्यालयात गेलो आणि निर्लेखनाचा फॉर्म मागितला. नियमाप्रमाणे अवजारांच्या वह्या तीन वर्षं ठेवायच्या आणि मग नष्ट करायच्या असतात. मी आळसानं कधी केल्या नव्हत्या. आता सगळं नियमानं करायचं ठरवलं. साहेबांनी फॉर्मवर सही केली, वर बघितलंसुद्धा नाही. फक्त म्हणाले, "दोन साक्षीदार लागतील."

एक आमचा कारकून. दुसरी तीच.

शनिवारी सकाळी सरस वितळवायच्या चुलीपाशी मी एकेक वही फाडून घालत होतो. कारकून पहिल्या दोन वह्या जळल्या तोच सही करून पळाला, धुरानं खोकला येतो म्हणाला. ती उभी राहिली.

"आता तुमचं एक्क्याऐंशी पक्कं," मी म्हटलं. टोमणा मारायचा होताच. "खोलीही तुमची. पेढे वाटा."

"मास्तर, मला आयुष्यभर माहीत असणार की ते माझं नाही. बोलताही येणार नाही, बोलले तर श्रीरंग आत जाईल." ती चुलीकडेच बघत होती. "एक सांगू? मी तुमच्यावर जळायचे."

"माझ्यावर?"

"तो चष्मा काढायचा, डोळे पुसायचा आणि पहिलं वाक्य काय, तर मास्तर म्हणतात. मास्तर म्हणतात आधी मोजायचं, मग कापायचं. मास्तर म्हणतात लाकडाचा कल बघून रंधा मारायचा. एवढं शिकून तो चष्मा बनवला मी, आणि श्रीरंग त्यातून बाहेर येऊन तुमची आठवण काढायचा. शून्य आलं ना तुमचं, तेव्हा पहिल्यांदा मला बरं वाटलं होतं. म्हणूनच मग ते पुन्हा तपासलं."

मी शेवटची वही चुलीत घातली. तिनं फॉर्मवर सही केली, तारीख टाकली.

"फळा तेवढा भिंतीवर राहू दे," मी म्हटलं.

"राहील," ती म्हणाली.

रविवारी मी जाणार नव्हतो. शैला नवं लुगडं नेसून तयार आणि मी बनियनवर पेपर वाचत. तिनं कपाटावरची पत्रिका काढली, तिच्यावरची धूळ पदरानं पुसली आणि पेपरवर आणून ठेवली.

"आठ दिवस थांबले. आता तरी खालचं वाचा. का मी वाचून दाखवू?"

वर प्रमुख पाहुण्या. मग स्थळ, वेळ. आणि अगदी तळाला, जिथं घरच्या थोरल्या माणसांची नावं असतात, तिथं : आपले निमंत्रक, श्री. उत्तम पांचाळ आणि सौ. शैला पांचाळ. त्याच्या खाली, बारीक अक्षरात : श्रीरंग बाबर. बाप लहानपणी गेला त्याचा. त्या जागी त्यानं आम्हाला घातलं होतं.

मी पेपर बाजूला ठेवला. शैलानं इस्त्रीचा शर्ट आणून दिला.

दुकानाच्या दारात श्रीरंग वाट बघत उभा होता. "मास्तर, यजमानानं आधी यायचं असतं," म्हणाला आणि पायाशी वाकला. मी त्याला उठवलं आणि नव्या चौकटीवरून हात फिरवला. सांधा कुठे लागत नव्हता. त्याला चौसष्ट दिवसांचं काही माहीत नव्हतं आणि मी सांगणारही नव्हतो.

मृण्मयी मॅडम दहाला आल्या. फीत कापली, टाळ्या झाल्या. मग श्रीरंगनं माझ्या हातात शाल आणि नारळ दिला. प्रमुख पाहुण्यांचा सत्कार निमंत्रकानं करायचा, रीतच आहे. भर मांडवात मी तिच्यापुढे उभा राहिलो.

ती हळूच म्हणाली, "माझं नाव पाहुण्यांत, तुमचं घरच्यांत. पाहुणी जेवून जाणार, मास्तर. आणि तुम्ही माझ्यावर जळत होतात?"

"जळतोय अजून," मी म्हटलं.

शाल तिच्या खांद्यावर नीट घातली. नारळ मात्र जरा जोरातच दिला.